फोर्डचं इंजिन, कापडाचे पंख

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचं एक खेडं आहे. तिथल्या बर्नार्ड पीटनपोल नावाच्या मेकॅनिकनं १९२०च्या दशकात मनावर घेतलं की विमान आपणच बांधायचं, आणि तेही मोटारीच्या इंजिनावर उडवायचं. विमानांसाठी बनवलेली इंजिनं तेव्हाही मिळत, पण खेड्यातल्या गॅरेजवाल्याला ती परवडत नसत. फोर्डची मोटार मात्र गावोगाव पोचली होती, आणि तिचे सुटे भागही. पीटनपोल इंजिनिअर नव्हता. त्याला जे येत होतं ते हात काळे करून आलेलं. आधी त्यानं मॉडेल टीच्या इंजिनावर खटपट करून पाहिली, पण दोन माणसं उचलायला ते कमी पडत होतं. मग १९२७च्या अखेरीस फोर्डनं मॉडेल ए बाजारात आणली. तिचं इंजिन चार सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं आणि ४० अश्वशक्तीचं. त्याच्याभोवती त्यानं जे विमान उभं केलं ते ‘एअर कॅम्पर’.

‘मॉडर्न मेकॅनिक्स’ मासिकाचे संपादक वेस्टन फार्मर यांचं ठाम मत होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान धड उडणार नाही. पीटनपोलनं वाद घालत बसण्यापेक्षा १९३० साली अशी दोन विमानं थेट मिनीआपोलिसला उडवत नेली. संपादक दिलदार निघाले. त्यांनी आपलं मत गिळलं आणि विमानाचे आराखडेच मागून घेतले. १९३२च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये ते छापून आले, आणि सुतारकामाची हत्यारं असलेल्या कुणालाही विमान बांधण्याची वाट खुली झाली. पुढच्याच वर्षी मॉडेल टीच्या इंजिनावर चालणारं एका माणसाचं धाकटं भावंड ‘स्काय स्काउट’ही छापलं गेलं. एअर कॅम्पर कापडानं मढवलेलं, पण कापडी विमान म्हणजे गरिबाचा जुगाड, असा समज तेव्हा कुणाचाच नव्हता. त्याच १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानही कापडानंच मढवलेलं होतं.

एअर कॅम्परची ठेवण सरळ आहे. पंख एकच, तोही धडाच्या वर छत्रीसारखा उचलून धरलेला आणि टोकापासून टोकापर्यंत साधारण २९ फूट. खाली दोन उघडे कॉकपिट, एकामागे एक. पायलट मागे बसतो. पुढच्या जागेत शिरायचं तर पंखाचे खांब आणि तारा चुकवत अंगाची घडी करावी लागते. पुढच्या माणसाच्या तोंडासमोर इंजिनावर रेडिएटर उभा असतो, त्यामुळे समोरचं दृश्य निम्मं झाकलेलं. इंजिन पीटनपोलनं उलटं बसवलं. मोटारीत जे टोक फ्लायव्हीलकडे असतं ते इथे पुढे आलं आणि त्यावर लाकडी प्रोपेलर चढला, कारण पुढे-मागे बसणारा रेटा सोसण्याची सोय त्याच टोकाच्या बेअरिंगला होती. विमानाचं रिकामं वजन सहाशे पौंडांच्या आसपास. पंखाच्या फासळीचा आकारही त्याचा स्वतःचाच, कुठल्या प्रयोगशाळेच्या तक्त्यातून उचललेला नाही.

सांगाडा स्प्रूस लाकडाचा. एका फळीवर खिळे-ठोकळे मारून फासळीचा साचा करायचा, त्यात पाव इंच जाडीच्या पट्ट्या वाकवून बसवायच्या, सांध्यांवर प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. सुकली की काढायची आणि पुढची लावायची. दिवसाला एक फासळी या गतीनं पंखाच्या सगळ्या फासळ्या व्हायला महिना लागतो आणि कंटाळा त्याआधीच येतो. पूर्वी दुधातल्या केसिनचा सरस वापरत, आता इपॉक्सी वापरतात. प्रत्येक वेळी कालवलेल्या सरसातून एक फालतू जोड चिकटवून ठेवायचा, आणि सुकल्यावर तो मोडून पाहायचा. लाकूड फाटलं तर ठीक. सांधा सुटला तर त्या दिवशीची फासळी फेकून द्यायची.

मग येतं कापड. विमान कापडाचं आहे म्हटलं की बघणारा आधी बोट लावून पाहतो, आणि बोटाखाली पंख दबला की त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. माझ्या मते ही काळजी अगदीच चुकीच्या जागी आहे. आज वापरतात ते पॉलिस्टर चांगलं चिवट असतं. जुन्या काळच्या सुती कापडाला उघड्यावर काही वर्षांतच ऊन आणि बुरशी खाऊन टाकत असे. ते ताणून बसावं म्हणून त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रावण चढवत, आणि त्यातला नायट्रेटचा प्रकार तर ठिणगी लागली की भडकणारा. कॅलिफोर्नियातल्या रे स्टिट्स यांनी पॉलिस्टरची पूर्ण पद्धत बसवून दिली. कापड, चिकटद्रव्य, रंग हे सगळं एकमेकांशी जुळणारं. तेव्हापासून हँगरमध्ये नीट ठेवलेलं कापड दशकानुदशकं टिकतं.

हे कापड डोपनं ताणत नाहीत, इस्त्रीनं ताणतात. आधी कडा चिकटवून सैलसर अंथरायचं, मग साधारण १२० अंश सेल्सिअसला पहिला हात, आणि शेवटचा १७५च्या आसपास. उष्णतेनं कापड आक्रसतं. हलगी शेकून तापवल्यावर जशी कडक बोलते, तसाच हा पंख बोट मारलं की वाजू लागतो. मात्र १७५च्या पलीकडे गेलात तर कापड ढिलं पडतं आणि पुन्हा ताणलं जात नाही. म्हणून इस्त्रीच्या खटक्यावर विसंबायचं नसतं. तिच्या तळाला तापमापक लावून खरे अंश कुठे आहेत ते खूण करून ठेवावं लागतं. उलट बाजूनं, हलक्या सांगाड्यावर कापड फार ताणलं तर पंखाची मागची कड आत ओढली जाते, फासळ्या वाकतात. ताण किती पुरे, हे आधी एखाद्या टाकाऊ चौकटीवर शिकलेलं बरं.

नुसतं चिकटवून भागत नाही. उड्डाणात वरच्या बाजूचं कापड हवेकडून वर ओढलं जातं. ते फासळीपासून सुटून फुगलं तर पंखाचा आकारच गेला. म्हणून प्रत्येक फासळीला कापड शिवतात. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. एक जण वरून टोचतो, दुसरा खालून परत पाठवतो आणि दर काही इंचांवर न सरकणारी गाठ बसते. प्रोपेलरचा झोत जिथे पडतो तिथे टाके जास्त दाट, अडीच इंचांवर. अनेक घरांत खालची सुई नवरा किंवा बायको सांभाळते, आणि त्या आठवड्यात घरात दुसरं संभाषण होत नाही म्हणतात. टाक्यांवर कातरलेल्या कडांच्या पट्ट्या येतात. मग ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला चंदेरी थर. बरेच जण तो शोभेचा समजून पातळ मारतात. कापडाला ऊन खरं तर तोच थर लागू देत नाही. रंग हवा तो मारा, पण चंदेरी थरात काटकसर नको.

खरी गोम मढवण्याच्या आधीची आहे. कापड चढलं की आतलं काही दिसत नाही: सरसाचा सांधा, तारेचं टोक, कप्पीवरची केबल, नटात घातलेली पिन. म्हणून जाणते लोक मढवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात. अमेरिकेतल्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’चे स्वयंसेवक सल्लागार हेच काम करतात. घरी येतात, टॉर्च घेऊन सांगाड्यात डोकं घालतात आणि तुम्ही शंभरदा पाहून न पाहिलेली चूक काढतात. लाकडावरचं वॉर्निशही इथेच तपासायचं. कापडाच्या चिकटद्रव्यातली रसायनं साधं वॉर्निश विरघळवतात, म्हणून इपॉक्सीचं लागतं. पंखाच्या मागच्या कडेला प्रत्येक कप्प्यात सर्वात खालच्या जागी पाणी निचरायला भोक ठेवायचं. ते बुजलं तर लाकूड आतून कुजतं. आणि उंदीर! हँगरमधल्या उंदराला पंखाच्या पोकळीसारखं बाळंतघर दुसरं नाही. त्याचं घरटं आणि मूत्र लाकूड-लोखंड दोन्हींना खातं. जागोजाग ठेवलेली गोल झाकणं त्यासाठीच असतात. ती उघडून बघायचा आळस करू नये.

अमेरिकेच्या ‘नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड’नं २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी विमानांच्या ताफ्यात यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, पण २०११ सालच्या जीवघेण्या अपघातांत तो २१ टक्के निघाला. आकडा सुखाचा नाही. मात्र कारणं पाहिली तर पंख मोडणं, सांगाडा तुटणं हे क्वचित. सगळ्यात पुढे दोन गोष्टी होत्या: इंजिन बंद पडणं आणि हवेत असताना विमानावरचा ताबा सुटणं. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक विमानं चालवणाऱ्यानं बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती. बांधणाऱ्याला आपल्या विमानाच्या खोडी माहीत असतात. विकत घेणाऱ्याला फक्त किल्ली मिळते.

एअर कॅम्परच्या बाबतीत दोन खोडी ठरलेल्या आहेत. पहिली तोलाची. मूळ आराखडा फोर्डच्या जड इंजिनाला धरून केलेला. त्या जागी नंतर कुणी ६५ अश्वशक्तीचं हलकं कॉन्टिनेंटल बसवलं, मागे बसणारा पायलटही गेल्या पिढीपेक्षा वजनदार निघाला, की विमान शेपटीकडे जड होतं. शेपूट जड झालेलं विमान एकदा वेग गमावून नाक वर काढून बसलं की ते खाली आणणं अवघड. उपाय जुनेच आहेत: इंजिन आणखी पुढे न्यायचं, किंवा पंखाचे खांब तिरपे करून अख्खा पंखच तीन-चार इंच मागे सरकवायचा. पण त्यासाठी तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन घ्यावं लागतं, गणित मांडावं लागतं. अंदाजानं उडालेले लोक आहेत. त्यांच्यातले काही थोडक्यात वाचले.

दुसरी खोड वेगाची. तारा, खांब, उघडे कॉकपिट, उभा रेडिएटर या सगळ्याला हवा अडते. ताशी सत्तरेक मैलांनी जाणारं हे हलकं विमान इंजिन थांबताच वेग गमावतं, जड विमानासारखा साठा त्याच्याकडे नसतो. त्या क्षणी नाक लगेच खाली ढकलायचं. हे सेस्ना चालवून आलेल्या पायलटाच्या हाताला सहज सुचत नाही, त्याला वाटतं अजून दोन सेकंद आहेत. नुकतंच उड्डाण करून वर चढताना असं झालं तर धावपट्टीकडे वळायचा मोह आवरून समोर जे शेत दिसेल तिथे उतरायचं. म्हणूनच पहिल्या उड्डाणाआधी पायलटानं पायपर कबसारख्या शेपटीला चाक असलेल्या, हलक्या विमानावर काही तास घालवावेत असा आग्रह धरला जातो.

इंजिन बंद पडण्याचं कारण अनेकदा इंजिनाबाहेर, पेट्रोलच्या नळीत असतं. त्याची तपासणी जमिनीवरच होते. विमानाचं नाक चढाईच्या कोनात उचलून धरायचं, कार्बुरेटरची नळी सोडवून पेट्रोल डब्यात घ्यायचं आणि घड्याळ लावून मोजायचं. टाकीतून नुसत्या उतारानं येणारं पेट्रोल पूर्ण जोरावरच्या गरजेच्या दीडपट भरलं पाहिजे. एक दुपार, एक डबा, एक घड्याळ. तरीही हीच तपासणी सर्रास राहून जाते, कारण तोपर्यंत विमान रंगवून झालेलं असतं आणि बांधणाऱ्याचा धीर संपलेला. पहिल्या उड्डाणाला पाहुणे बोलावू नयेत, हा सल्लाही त्यातलाच. मैदानावर पन्नास माणसं डबे घेऊन बसली असली की ‘आज वारा ठीक नाही’ म्हणायला फार हिंमत लागते.

हे सगळं कायद्याच्या चौकटीत यायला वेळ लागला. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या बहुतेक राज्यांनी परवाना नसलेल्या घरगुती विमानांना बंदी केली. ओरेगॉननं तेवढी मोकळीक ठेवली होती. तिथलेच जॉर्ज बोगार्डस १९४७ साली ‘लिटल जी बी’ हे आपलं छोटंसं विमान देश ओलांडून वॉशिंग्टनला घेऊन गेले आणि अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग ठरला. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबरेझ्नी यांनी मिलवॉकीत ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ची स्थापना केली. आजचा नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असावं. मग सुरुवातीचे काही तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच, प्रवाशांविना उडायचं. प्रमाणित इंजिन-प्रोपेलर असेल तर २५ तास, नाही तर ४०. फोर्डवाल्याच्या वाट्याला अर्थातच ४०.

आपल्याकडे कापडी विमानं परकी नव्हती. एचएएलचं पुष्पक कापडानं मढवलेलंच होतं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येकांनी पहिले धडे त्यावर घेतले. पण ती कारखान्यातली विमानं. घरी बांधण्याची परंपरा मात्र रुजली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते सहा आसनी, अगदी वेगळ्या जातीचं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी क्रमांक मिळायला त्यानंतरही वाट पाहावी लागली.

पीटनपोल १९८४ साली गेला. तोवर त्यानं फोर्ड सोडून शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर मोटारीचं हवेनं थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिनही एअर कॅम्परवर चढवलं होतं. रेडिएटर गेला, समोरचं दिसू लागलं. चेरी ग्रोव्हमधला त्याचा हँगर आता ऑशकॉश इथल्या त्या असोसिएशनच्या संग्रहालयाच्या मैदानावर आहे. दर जुलैत ऑशकॉशला भरणाऱ्या असोसिएशनच्या मोठ्या मेळाव्याआधी ही विमानं विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर जमतात. फोर्डवाले, कॉर्व्हेअरवाले, कॉन्टिनेंटलवाले वेगवेगळे घोळके करून उभे राहतात आणि एकमेकांच्या इंजिनांना नावं ठेवतात. ज्याचा सांगाडा गॅरेजात अर्धवट पडला आहे तो फूटपट्टी आणि कॅमेरा घेऊन येतो, आणि कुणी तरी झाकण उघडून देईल का असं विचारत विमानामागून विमान पालथं घालतो.