सपोर्टला लॉग फाईल पाठवताय? आधी उघडून बघा

परभणीत एका पतसंस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो. सिस्टीम अडकली की सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला आधी म्हणतो, "सर, लॉग पाठवा." दोन मिनिटांचं काम. पण त्या फाईलमध्ये असतं काय?

लॉग म्हणजे सिस्टीमची रोजनिशी. कोणती क्वेरी चालली, कुठं एरर आली, सगळं त्यात. आता क्वेरी असते 'अमुक मोबाईल नंबरचं खातं दाखव' अशी. म्हणजे मानवत नाहीतर पाथरीच्या खातेदाराचा नंबर सरळ त्या फाईलमध्ये! शिवाय सर्व्हरचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस, युजरनेम. घराचा नकाशाच दिला म्हणा ना.

ही भीती उगाच नाही. २०२३ मध्ये लॉगिन सेवा देणाऱ्या ऑक्टा या अमेरिकन कंपनीच्या सपोर्ट सिस्टीममध्ये हॅकर शिरला. १३४ ग्राहकांच्या फाईल त्याच्या हाती लागल्या. काही फाईलमध्ये ब्राउझरच्या नोंदी होत्या आणि त्यांत सेशन टोकन. टोकन मिळालं की पासवर्ड लागतच नाही. पाच ग्राहकांची सेशन त्यानं वापरली. त्यांत क्लाउडफ्लेअरसुद्धा होती.

म्हणून मी कॉपी करून नंबर-नावं खोडतो, एररपुरताच भाग पाठवतो. सपोर्टवाले वैतागतात. अर्धवट लॉगवरून दोष सापडत नाही, हेही खरंच. मग मी स्क्रीन दाखवतो, कंट्रोल मात्र देत नाही.

तुमच्या अँड्रॉइडमधला 'बग रिपोर्ट' याच जातीचा. त्यात इन्स्टॉल केलेली अ‍ॅप्स आणि फोनचे लॉग असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी 'सपोर्ट'नं मागितला तर अजिबात देऊ नका.