पन्नास हजार फ्रेममधून एक चंद्र

कोजागरीच्या रात्री नांदेड असो की लातूर, गच्चीवर दूध आटत असते आणि घरातले सगळेच मोबाइल वर धरून चंद्र टिपत असतात. सकाळी फोटो पाहावा तर काळ्या पडद्यावर नुसता पांढरा ठिपका! 'आपला फोनच साधा' म्हणून आपण तो खोडून टाकतो. पण दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो. निवडलेली रात्र आणि कॅमेऱ्याला दिलेला प्रकाश, या दोन गोष्टी चुकलेल्या असतात.

आधी प्रकाशाचे पाहू. आपण फोटो रात्री काढत असलो तरी चंद्र स्वतः भर उन्हात असतो. कॅमेरा मात्र आजूबाजूचा अंधार पाहून जास्त प्रकाश घेतो आणि चंद्र पांढराफटक होतो. म्हणून स्क्रीनवर चंद्राला बोट लावायचे आणि प्रकाशाची पट्टी खाली ओढायची. मोठा कॅमेरा असेल तर पौर्णिमेसाठी आयएसओ १००, छिद्र एफ-११ आणि वेळ सेकंदाचा शंभरावा भाग, एवढ्यावर सुरुवात करता येते. अष्टमीच्या चंद्राला याहून साधारण चार-पाच पट वेळ द्यावा.

पौर्णिमा नको, अष्टमी हवी

पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून चंद्रावर समोरासमोर पडतो. त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि डोंगर, विवरे सपाट वाटतात. अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर ऊन तिरपे असते. तिथे विवरांच्या कडांची लांब सावली पडते आणि साध्या दुर्बिणीतूनही खोली जाणवते.

यात मराठवाड्याला एक फायदा आहे. फाल्गुन-चैत्रातल्या शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना चंद्र आपल्याकडे जवळपास डोक्यावर असतो. तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या कमीत कमी थरातून येतो. शिवाय त्या दिवसांत आकाश बहुधा कोरडे असते. अडचण एकच, तापलेल्या स्लॅबची. दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो आणि वर चढणाऱ्या गरम हवेने चंद्र पाण्यातल्यासारखा हलतो. त्यामुळे उन्हाळ्यात गच्चीपेक्षा अंगण किंवा शेतातली मोकळी जागा बरी.

पुण्यातल्या मुलाचा चंद्र

हवेच्या या थरथरीवर काय उपाय आहे, ते पुण्याच्या प्रथमेश जाजू याने दाखवले. मे २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने टिपलेला चंद्र देशभर गाजला. ३ मेच्या पहाटे एक वाजल्यापासून सुमारे चार तास तो चित्रण करत होता. पन्नास हजारांहून अधिक फ्रेम आणि १८६ जीबी माहिती जमली. तिच्यावर प्रक्रिया करायला ३८ ते ४० तास लागले. यासाठी त्याच्याकडे वेधशाळा नव्हती, साधारण पाच इंची दुर्बीण आणि खगोलचित्रणाचा छोटा कॅमेरा होता. लेख वाचून आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून आपण हे शिकलो, असे त्याने तेव्हा सांगितले होते. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. प्रथमेश तिच्याशीही जोडलेला होता.

पन्नास हजार फ्रेम कशासाठी? हवा सतत हलत असते, पण मध्येच क्षणभर स्थिरावते. फोटोऐवजी व्हिडिओ घेतला तर हजारो फ्रेममधल्या काही त्या स्थिर क्षणी सापडतात. संगणक प्रत्येक फ्रेमची स्पष्टता तपासतो, चांगल्या फ्रेम निवडतो, त्या एकमेकींवर नेमक्या बसवतो आणि सरासरी काढतो. चंद्रावरचे विवर प्रत्येक फ्रेममध्ये असते, कॅमेऱ्यातली खरखर मात्र दर वेळी वेगळी. म्हणून सरासरीत विवर टिकते आणि खरखर विरते. शंभर फ्रेम एकत्र केल्या की ती साधारण दहाव्या भागावर येते. त्यानंतर कडा धारदार करतात. इतक्या मोठ्या दृश्यात छोट्या कॅमेऱ्यात चंद्राचा एकेक तुकडाच मावतो, म्हणून असे अनेक तुकडे वेगवेगळे तयार करून गोधडीसारखे जोडावे लागतात.

चंद्राला रंग असतो?

प्रथमेशच्या चंद्रावर निळसर आणि तांबूस छटा होत्या. 'हे फोटोशॉप आहे' असे कोणीही म्हणेल. पण त्या छटा मुळात चंद्रावर आहेत, फक्त इतक्या फिक्या की डोळ्यांना जाणवत नाहीत. छायाचित्रकार त्या गडद करतो. सशासारखे दिसणारे काळे डाग म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याची मैदाने. तो बेसॉल्ट खडक आहे, आपल्या लातूर-नांदेडच्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर चंद्रावरचा बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुना. या मैदानांत जिथे टायटॅनियम जास्त, तिथे निळसर झाक येते. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' ज्या मैदानात उतरले ते असेच निळसर आहे आणि तिथून आणलेल्या खडकांत टायटॅनियम भरपूर निघाले. म्हणजे फोटोतल्या रंगाला दगडाची साक्ष आहे.

खरे आणि बनावट यांतली सीमा इथेच आहे. जे कॅमेऱ्यात आले ते निवडणे, जोडणे, उजळवणे ही प्रक्रिया झाली. जे आलेच नाही ते भरणे ही बनवाबनवी. काही महागडे फोन चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यावर तपशील चढवतात. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून अशा फोनने फोटो काढला, तर मूळ चित्रात नसलेली विवरे त्यात उमटली! असा फोटो दिसतो छान, पण त्यात आपण पाहिलेले किती आणि फोनने भरलेले किती, हे सांगता येत नाही. म्हणून मूळ व्हिडिओ जपून ठेवावा. शंका आली तर तोच पुरावा.

खुणेतून खरखर वेगळी काढण्याचे हेच काम, कितीतरी सूक्ष्म पातळीवर, नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे. औंढा नागनाथजवळच्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी शोधताना तिथल्या शास्त्रज्ञांनाही आधी खरखरीशीच झगडावे लागेल.

सुरुवात अशी करा

• दुर्बीण किंवा द्विनेत्री तिपाईवर घट्ट बसवा आणि मोबाइल नेत्रिकेला जोडा. हाताने धरू नका.
• एकेक मिनिटाचे व्हिडिओ घ्या. दुर्बीण स्थिर असेल तर दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो.
• फ्रेम निवडून जोडायला 'ऑटोस्टॅकर्ट' आणि धार आणायला 'रजिस्टॅक्स' ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. धार बेतानेच द्या. विवरांभोवती पांढरी कड दिसू लागली की थांबा.
• चंद्र पाहताना डोळे दिपतात, पण इजा होत नाही. सूर्याचे तसे नाही. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य सौरफिल्टर नसेल तर क्षणभरही सूर्याकडे रोखू नका. दृष्टिपटल भाजते आणि त्या वेळी दुखतही नाही. म्हणूनच दिवसा दुर्बीण मुलांच्या हाताशी उघडी ठेवू नये.

संकष्टीची चंद्रोदयाची वेळ आपण कॅलेंडरात पाहतोच. येत्या महिन्यात शुद्ध अष्टमीवरही एक खूण करून ठेवा.