आईबाबांची खोली कुठे काढायची?

‘शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं होतं?’ पक्षाघाताचा रुग्ण अपघात विभागात आला की नातेवाइकांना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजायचे ते रुग्ण पडलेला सापडला तेव्हापासून नव्हे, तर तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. गेल्या उन्हाळ्यात बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा सकाळी साडेआठला घेऊन आला. प्रश्न ऐकून तो गप्प झाला. रात्री नऊला नातवाने वर जेवणाचं ताट नेऊन दिलं होतं. सकाळी आठला सून चहा घेऊन गेली, तेव्हा ते पलंगाशेजारी पडलेले. मधल्या अकरा तासांचा हिशेब कोणाकडेच नव्हता. इंजेक्शनची वेळ कधीच टळून गेली होती.

वर म्हणजे गच्चीवर. मुलाने वडिलांसाठी हौसेने खोली बांधली होती. संडास-बाथरूम, टीव्ही, बाहेर तुळस, सगळं होतं. वर जायला गोल लोखंडी जिना. त्या जिन्यावर 108 च्या स्ट्रेचरला वळायला जागाच नव्हती. शेवटी चौघांनी चादरीत धरून त्यांना उतरवलं. मुलगा निष्काळजी नव्हता. खोली चुकीच्या जागी होती.

आमच्या विदर्भातल्या गावांत हल्ली असं बांधकाम सर्रास दिसतं. मुलाचं लग्न होतं, नातवंडं मोठी होतात, घर अपुरं पडतं आणि आईबाबांसाठी ‘एक वेगळी खोली’ काढायचं ठरतं. मग एकतर गच्चीवर चढायचं, नाहीतर खालचं पार्किंग भिंती घालून बंद करायचं, नाहीतर परसात सुटी खोली बांधायची. त्यासाठी ठेकेदाराला विचारतात, वास्तुवाल्याला विचारतात, बँकेत विचारतात. डॉक्टरला कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो.

गच्ची सगळ्यांना परवडते, कारण पाया तयार, स्लॅब तयार. भिंती उभ्या केल्या, वर पत्रे टाकले की झालं. पण मे महिन्यात पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो आणि खालची स्लॅब दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री परत सोडत बसते. तरुण शरीर घाम गाळून निभावून नेतं. सत्तरीनंतर घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणखी कमी पडतं. दिवसाचा उकाडा शरीर सोसतं ते रात्री विसावा मिळतो म्हणून. तोच या खोलीत मिळत नाही. शिकागोत 1995 साली उष्णतेच्या लाटेत 700 हून अधिक माणसं दगावली. त्यांचा अभ्यास झाला तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त असल्याचं दिसलं. फ्रान्समध्ये 2003 च्या ऑगस्टात सुमारे 15,000 बळी गेले, तिथेही छपराखालची झोपायची खोली घातक ठरली. एवढ्या लांब कशाला जा? अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यात पारा 46 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा एका रुग्णालयात वरच्या मजल्यावरची नवजात बाळं उष्णतेने आजारी पडू लागली. वॉर्ड खाली हलवल्यावर हा त्रास कमी झाला.

खोली गच्चीवर बांधून झालीच असेल तर छताला बाहेरून पांढरा चुना द्या, पत्र्याखाली आच्छादन घाला, समोरासमोर खिडक्या काढा. एक साधा थर्मामीटर भिंतीला टांगून रात्री दहाला वाचा. खोली तेव्हाही तापलेलीच असेल, तर उन्हाळ्याचे तीन महिने तरी आईबाबांची झोपायची सोय खाली करा. कूलरचा भरवसा धरू नका. वीज जाते ती नेमकी तेव्हाच.

जिन्याबद्दल वेगळं काय सांगायचं? गुडघे दुखायला लागले की माणूस खाली उतरणं टाळतो, आधी देवळात जाणं थांबतं, मग पारावरच्या गप्पा, मग दवाखानाही. बाहेरचे लोक म्हणतात, ‘काका हल्ली दिसत नाहीत.’

पार्किंगची खोली त्या मानाने बरी. पायऱ्या नाहीत, रस्ता दिसतो, येणारा-जाणारा हाक मारतो. तरी तिच्यात दोन-तीन खोडी असतात. पार्किंगची जोती बहुधा रस्त्याच्या पातळीला असते, म्हणून पावसाचं पाणी आत येतं आणि भिंतींना ओल धरते. दम्याच्या माणसाला ती ओल सोसत नाही. तिथे भिंत घालण्याआधी नगरपालिकेची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवा. सगळ्यात वाईट म्हणजे जिन्याखालच्या कोपऱ्यात काढलेलं बिनखिडकीचं न्हाणीघर आणि आत गॅस गिझर. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळीला जातो आणि तिथेच बेशुद्ध पडतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा, यात तडजोड नाही.

न्हाणीघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. हे मला सुतारापेक्षा रुग्णांनी जास्त शिकवलं. आत पडलेला माणूस दाराला टेकून पडतो आणि आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. खटकाही बाहेरून उघडता येईल असा लावा. पलंगापासून संडास पाच-सात पावलांवर असावा, वाटेत उंबरठा नको, मंद दिवा रात्रभर असावा. मधुमेह, प्रोस्टेट, लघवीची गोळी यांमुळे वृद्ध रात्री दोन-तीनदा उठतात, आणि झटकन उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येऊन तोल जातो. खुब्याचं हाड मोडून आलेल्यांना विचारा, बरेच जण रात्री संडासला जाताना पडलेले असतात.

परसातली खोली माझ्याच घरी होती. आईला स्वतःची चूल हवी होती, स्वतःचं दार हवं होतं, आणि तिचं म्हणणं मला पटलंही. कोणाची झोप न मोडता पहाटे चारला उठून चहा करता येणं ही साधी गोष्ट नाही. पण संडास जुनाच होता, अंगणापलीकडे. पावसाळ्यात एका रात्री ती शेवाळावर घसरली. हाक मारली, पण पावसाच्या आवाजात आम्हाला ऐकू आली नाही. मनगटावर निभावलं. दुसऱ्यांच्या आईवडिलांना रोज सल्ले देणाऱ्या मला स्वतःच्या अंगणातली वीस पावलं दिसली नव्हती. नंतर खोलीला लागून संडास बांधला आणि तिच्या उशाशी बिनतारी बेलचं बटण ठेवलं. काही शे रुपयांत मिळतं. परसात लाकडं, विटा रचलेल्या असतील तर त्याही हलवा. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो, ते बऱ्याचदा कळतही नाही. पलंग आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरांत आईबाबांसाठी काहीच बांधायची गरज नसते. गच्चीवर खोली खुशाल बांधावी, पण तिथे तरुण जोडप्याने जावं आणि खालची, संडासाला लागून असलेली खोली म्हाताऱ्यांना द्यावी. हे ऐकलं की बाह्यरुग्ण विभागात शांतता पसरते.

त्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थांचा उजवा हात अजून नीट चालत नाही, बोलणं अडखळतं, पण काठी धरून ते अंगणात येतात. त्यांना आता खालची खोली दिली आहे. मुलगा आणि सून वर राहायला गेले. परवा तपासणीला आले तेव्हा मुलगा जाता जाता म्हणाला, ‘वर फार उकडतं हो, डॉक्टर.’