दोर धरणारा

जरंडेश्वर आपण कोरेगावकर नेहमी चढतो. तेथे वाट आहे, दोर लागत नाही. दोर म्हटला की आपल्याला सिंहगड आठवतो आणि १६७० सालच्या त्या रात्री सूर्याजीने दोर कापल्याची कथा आठवते. ती लढाईची रीत झाली. प्रस्तरारोहणाची रीत निराळी. आघाडीचा गडी कातळ चढू लागला की दुसरा खाली थांबतो, मेखेशी स्वतःला बांधून घेतो आणि बेताने दोर सोडीत राहतो. वरचा निसटला तर हिसका यानेच सोसायचा. वरच्याला पाय ठेवण्याजोगी जागा मिळाली की त्याने तेथे थांबून, स्वतःला बांधून, खालच्याला वर घ्यायचे. एका वेळी एकच चढतो.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत हिलरी हिमभेगेत कोसळले. तेनसिंगांनी दोर आवळून धरला म्हणून वाचले. (शिखरावरचे ते प्रसिद्ध छायाचित्र तेनसिंगांचेच; काढले हिलरींनी.)

एका संपात आम्ही चौघे पुढारी न थांबता चढत गेलो. अठराव्या दिवशी मागे वळून पाहिले, तर कामगारांच्या घरांतली ज्वारी संपली होती. संप मोडला. त्यांना आम्ही दोष दिला, तोही चुकीचा. आता कोणत्याही बैठकीत मागण्यांचा कागद काढण्यापूर्वी मी विचारतो, कोणाच्या घरी किती दिवसांचे धान्य आहे?