दाणा कोणासाठी?

शेतात उभा तो भात, सडला की तांदूळ आणि शिजला की पुन्हा भात! तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या रानभाताला आपण देवभात म्हणतो. संस्कृतात रानभाताला नीवार म्हणतात. त्यावरूनच एका रानटी जातीला ‘ओरायझा निवारा’ हे शास्त्रीय नाव मिळाले.

रानभाताचा दाणा पिकताच गळतो. वनस्पतीच्या दृष्टीने दाणा म्हणजे बी. ते जमिनीवर पडायलाच हवे. आपल्या दृष्टीने दाणा म्हणजे धान्य. ते कापणीपर्यंत लोंबीवर टिकायला हवे. न गळलेले दाणेच माणसाच्या हाती लागले आणि पुढच्या वर्षी तेच पेरले गेले. असे पिढ्यान्‌पिढ्या होऊन बियाचे धान्य झाले. दाणा गळणे कमी करणारा एका जनुकातील लहानसा बदल २००६ साली ओळखला गेला.

मग रानभात निरुपयोगी ठरला का? मुळीच नाही. ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुरोगाने आशियातील भातशेतीला ग्रासले, तेव्हा हजारो नमुने तपासल्यावर प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातील नीवाराच्या एका नमुन्यात. तिच्यातूनच १९७६ साली ‘आयआर ३६’ हे वाण आले. तळे बुजवले की असे बी कायमचे जाते. ते धान्य नसेल, पण आपल्या धान्याची ठेव आहे.