पंधरा क्रेडिट्सचा हिशेब

रविवारी सकाळी सात वाजता आमच्याकडे फोन वाजतो. पलीकडे न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते. भांडी आवरून, ओटा पुसून माझ्या बहिणीची मुलगी बोलायला मोकळी झालेली असते. वय वर्षं सेहेचाळीस. सांगलीला बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर तिचं लग्न ठरलं. ‘तिकडे जाऊन पूर्ण कर की,’ असं सगळ्यांनीच सांगितलं. सांगणाऱ्यांत मीही होते.

त्याला पंचवीस वर्षं झाली. आधी नवऱ्याच्या व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती, मग दोन मुलं झाली, मग एका दवाखान्याच्या बिलांच्या विभागात नोकरी लागली. तिथे सुपरवायझरची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोनदा हुकली. काम तिला येत होतं, पण अर्जातल्या ‘पदवी’च्या चौकोनात लिहायला काही नव्हतं. धाकटा मुलगा हायस्कूलला गेला तशी ही एका सरकारी कॉलेजात दाखल झाली.

गेल्या वर्षी एका रविवारी म्हणाली, “मावशी, आता पंधराच क्रेडिट्स उरलीत. तीही फ्री इलेक्टिव्ह आहेत.”

निवृत्त बँक अधिकाऱ्याला ‘फ्री’ या शब्दाचा संशय येतो. मी म्हटलं, “फुकट काय देतायत? अटी नीट वाच.” ती हसायला लागली. “अगं, फुकट नव्हे. फ्री म्हणजे मोकळी. कुठलाही विषय घ्यावा!”

अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात. त्यांचे ढोबळ तीन वाटे. एक मुख्य विषयाचा, दुसरा सगळ्यांना सक्तीच्या सर्वसाधारण शिक्षणाचा आणि तिसरा या मोकळ्या विषयांचा. एक विषय बहुधा तीन क्रेडिट्सचा, म्हणजे हिला पाच विषय हवे होते. वर्गात बसून शिकायचं तर सरकारी विद्यापीठातही तीन क्रेडिट्सना हजारेक डॉलर सहज लागतात, आणि नोकरी करून आठवड्यातून दोन संध्याकाळी कॉलेज गाठायचं ते वेगळंच.

पण तिथे दुसरीही वाट आहे. विषय तुम्हाला येत असेल तर परीक्षा द्या आणि क्रेडिट घ्या, तुम्ही तो कुठे शिकलात हे कुणी विचारत नाही. कॉलेज बोर्ड ही संस्था १९६७ पासून अशा परीक्षा घेते. ‘क्लेप’ हे त्यांचं नाव. चौतीस विषय, बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर, पर्यायांतून उत्तर निवडण्याचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि बहुतेक विषयांत पन्नासला क्रेडिट द्यावं अशी शिफारस आहे. हे पन्नास म्हणजे पन्नास टक्के नव्हेत, वर्गात बेताच्या श्रेणीत पास होणाऱ्या विद्यार्थ्याची ती पातळी. फी शंभर डॉलरच्या आसपास, शिवाय परीक्षा केंद्राचा आकार. त्यातही ‘मॉडर्न स्टेट्स’ नावाची एक धर्मादाय संस्था २०१७ पासून या विषयांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य शिकवते, आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला परीक्षेच्या फीचं व्हाउचर देते. म्हणजे माझं ‘फुकट’ अगदीच चुकलं नव्हतं!

मग प्रश्न उरला तो एवढाच, की चौतिसांतले पाच कुठले?

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. आमच्या काळी बँकेत सी.ए.आय.आय.बी.च्या परीक्षा होत्या. पास झालं की पगारवाढ मिळायची. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तेव्हा अकाउंटन्सीच्या पेपरनं मला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा पास झाले. पगारवाढ मिळाली, घरात फ्रीज आला. त्या परीक्षांकडे मी कधी फ्रीजच्या पलीकडचं म्हणून पाहिलंच नाही. म्हणून भाचीला मी सांगितलं, “सोप्यातले सोपे पाच घे आणि मोकळी हो.”

तिनं ते ऐकलं. कॉमर्सची मुलगी, अर्थशास्त्र येतंच, म्हणून ‘मॅक्रोइकॉनॉमिक्स’ची परीक्षा दिली. दोन महिने पहाटे उठून अभ्यास केला, पासही झाली. आणि कॉलेजनं क्रेडिट नाकारलं! सांगलीच्या दोन वर्षांचं मूल्यमापन करून त्यांनी तिला जी क्रेडिट्स आधी दिली होती, त्यांत तोच विषय होता. एका विषयाचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. तिनं आधी विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, फोनवर. पलीकडून कुणीतरी ‘चालेल’ म्हणालं होतं.

त्या रविवारी ती फोनवर रडली. मी पस्तीस वर्षं कर्जाची प्रकरणं हाताळलेली बाई. तोंडी मंजुरीवर पैसे खर्च करू नका, हे मी शेकडो लोकांना सांगितलं, आणि घरच्या माणसाला सांगायचं नेमकं विसरले.

मग आम्ही दोघी रीतसर बसलो. तिच्या कॉलेजचा क्लेपचा तक्ता तिनं मला पाठवला आणि मी वहीत रकाने आखले. कुठली परीक्षा कॉलेज मानतं, किती गुण लागतात, ते क्रेडिट कुठल्या वाट्यात जमा होतं आणि आधीच्या कुठल्या विषयाशी ते टक्कर घेतं. प्रत्येक कॉलेजचे नियम निराळे. काही नामवंत कॉलेजं ही क्रेडिट्स घेतच नाहीत, काही ठरावीक संख्येपर्यंतच घेतात. ‘कॉलेज अल्जिब्रा’ आणि ‘कॉलेज मॅथेमॅटिक्स’ अशा जवळजवळच्या दोन परीक्षा दिल्या, तर दोन्हींचं क्रेडिट मिळेलच असं नाही. क्लेपची क्रेडिट्स बहुतेक पहिल्या दोन वर्षांच्या पातळीची मानतात. वरच्या पातळीची हवी असतील तर डी.एस.एस.टी. नावाची दुसरी परीक्षामालिका आहे, तिच्यात काही विषय मिळतात. त्या यादीत ‘मनी अँड बँकिंग’ पाहून मी म्हटलं, “यालाच बसते मी!”

आणखी एक गोष्ट वहीत लिहिली. जी परीक्षा सक्तीच्या वाट्यात बसते ती मोकळ्या वाट्यात वाया घालवू नये. मोकळ्या जागेत काहीही बसतं, सक्तीच्या जागेत तेवढंच बसतं.

यादी पक्की झाली, तशी तिनं कॉलेजला ई-मेल लिहिली आणि लेखी उत्तर येईपर्यंत पुस्तक उघडलं नाही.

आता विषय निवडायचे होते. या परीक्षांची घराणी असतात. ‘ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट’ आणि ‘एज्युकेशनल सायकॉलॉजी’ या सख्ख्या बहिणीच. पियाजे, एरिक्सन, स्किनर हे पाहुणे दोघींच्या घरी येतात. एक झाली की दुसरीचा निम्मा अभ्यास झालेला असतो. त्या दोन तिनं ओळीनं दिल्या. पियाजे वाचताना एकदा म्हणाली, “थोरला चार वर्षांचा असताना दोन पेल्यांतल्या दुधावरून रडायचा. उंच पेल्यात जास्त आहे म्हणायचा. मी हट्टी म्हणून रागवायचे गं त्याला.” तिसरी ‘सोशिऑलॉजी’, चौथी ‘मार्केटिंग’. या दोन सोप्या म्हणून घेतल्या, हे कबूल करायला हवं.

पाचव्या परीक्षेला मात्र आमचं जमेना. माझं मत ‘मॅनेजमेंट’ला. मार्केटिंगच्या शेजारचा विषय, महिनाभरात होईल. ती म्हणाली, “नाही मावशी. मला ‘हिस्टरी ऑफ द युनायटेड स्टेट्स’चा पहिला भाग द्यायचाय.”

“अगं, शाळेपासून तो इतिहास शिकलेली तिथली मुलं त्यात कंटाळतात. तुला कशाला?”

तेव्हा तिनं सांगितलं. २०१२ साली तिनं नागरिकत्व घेतलं. त्यासाठी शंभर प्रश्नांची एक यादी असे. त्यांतले जास्तीत जास्त दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की झालं. तिनं शंभरही उत्तरं आपल्या पाढ्यांसारखी घोकली. “पण मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं गं. यादवी युद्ध कुणाकुणात झालं ते पाठ होतं, का झालं ते नाही. मुलं अभ्यासातलं विचारायची, तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे. हे पाच विषय सोडले तर या पदवीत मी स्वतः निवडलेलं काय आहे?”

मी गप्प बसले.

तो पेपर वसाहतींपासून सुरू होतो आणि १८७७ ला संपतो. तिला पाच महिने लागले. मधल्या एका रविवारी तिनं विचारलं, “गुलामगिरी बंद झाली १८६५ ला. आपल्या जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ कधीचं?” १८७३ चं. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेलं आहे, हे शाळेत आम्ही दोघींनीही वाचलं होतं. पण पुण्यात तो मजकूर लिहिला जात होता, तेव्हा तिकडे दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या लोकांच्या मताधिकारावर उघड हल्ले चालू होते, हे तिनं मला सांगितलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी ते पुस्तक कपाटातून काढून पुन्हा वाचलं.

हे सगळं लांबचं आहे, असं वाचकांनी समजू नये. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट्स आली आहेत. २०२१ पासून ती जमा ठेवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या अर्जांत ‘ओपन इलेक्टिव्ह’चा रकाना आहे, आणि ‘कशात गुण सुटतात?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातोय. तो जरूर विचारावा. नियम वाचावेत, लेखी घ्यावेत, सोप्या विषयांनी क्रेडिट्स भरून काढावीत. यात लाज वाटण्याजोगं काही नाही. फक्त मुलानं किंवा मुलीनं एखादा विषय हट्टानं मागितला, तर माझ्यासारखं लगेच ‘मॅनेजमेंट घे’ म्हणू नये.

क्लेपचा निकाल पेपर संपताच पडद्यावर दिसतो. त्या दिवशी तिनं आमच्या रात्री अकरालाच फोन केला. चौपन्न गुण!

“पन्नासच हवे होते,” मी म्हटलं. “वरचे चार कॉलेजच्या कुठल्या खात्यात जमा होणार?”

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली. “ते माझ्याकडेच राहणार.”