घानाचा चवळीभात

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसलेल्या घाना देशाच्या राजधानीत, म्हणजे अक्रा शहरात, सकाळी सातच्या सुमारास एखाद्या रस्त्याच्या कडेला अजस्र ॲल्युमिनियमचे पातेले मांडून बसलेल्या बाईसमोर जी रांग लागलेली असते, तिच्यात कचेरीला निघालेले कारकून, गवंडी, टॅक्सीवाले, शाळकरी मुले आणि घरून झाकणाचा डबा घेऊन आलेल्या गृहिणी अशी सर्व दर्जांची माणसे एकाच हेतूने तिष्ठत असतात. आणि तो हेतू म्हणजे वाचे. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवून केलेला हा काळसर तांबूस भात त्या देशात न्याहारीलाही चालतो आणि दुपारच्या जेवणालाही. शेजारच्या नायजेरियाशी चाललेल्या चुरशीच्या वादामुळे घानाच्या जोलोफ भाताची कीर्ती दूरवर पोचली, आणि सेनेगालच्या मासळीभाताला तर २०२१ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. वाचेच्या वाट्याला असले मानमरातब आलेले नाहीत. तरीही रांधणाऱ्याच्या हाताची पारख करायची झाली तर माझ्या मते ती वाचेवरच करावी, कारण जोलोफमध्ये टोमॅटो, कांदा, तेल आणि मसाले यांच्या आडोशाला पुष्कळ दोष खपून जातात, परंतु वाचेत तांदूळ, चवळी, पाणी, मीठ, चिमूटभर खार आणि ज्वारीची वाळलेली पाने एवढाच काय तो संभार असल्यामुळे जे चुकते ते उघडे पडते.

हे अन्न मूळचे किनाऱ्यावरचे नव्हे. हौसा लोकांचा मुलूख आजच्या उत्तर नायजेरियात आणि नायजर देशाच्या दक्षिणेकडे पसरलेला आहे, आणि तिकडचे व्यापारी आजच्या घानातील अशांती राज्याच्या अरण्यांतील कोलाच्या बिया खरेदी करण्यासाठी गाढवांचे तांडे घेऊन शेकडो कोसांची वाटचाल करीत. कोलाची बी चघळली की थकवा आणि भूक दोन्ही काही काळ हटतात. शिवाय मद्य निषिद्ध असलेल्या मुसलमान समाजात पाहुण्यापुढे ठेवण्याजोगी वस्तू म्हणून तिला प्रतिष्ठा होती, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सालागा हे उत्तरेकडील गाव मुख्यतः या जिनसाच्या जोरावर मोठी पेठ बनले. अशा पेठांच्या कडेला परमुलखातून आलेल्या व्यापाऱ्यांची जी वस्ती उभी राही, तिला झोंगो म्हणत. पुढे इंग्रजांनी १८७३-७४ च्या अशांतीविरुद्धच्या मोहिमेत हौसा शिपायांची फौज उतरवली, त्यांतले अनेक जण मोहीम संपल्यावर अक्रा परिसरातच राहिले, आणि विसाव्या शतकात त्या शहरात साबोन झोंगो, नीमा अशा वस्त्या वाढत गेल्या. या माणसांबरोबर त्यांचे ‘शिंकाफा दा वाके’, म्हणजे तांदूळ आणि चवळी, दक्षिणेत आले आणि घानाच्या बोलीत त्याचे वाचे झाले.

या व्यापारात पुरुषांच्या तांड्यांइतकाच स्त्रियांच्या चुलीचाही वाटा आहे, आणि तो सहसा दफ्तरी नोंदला जात नाही. पॉली हिल या इंग्रज अभ्यासिकेने हौसा खेड्यात राहून १९६९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पडदा पाळणाऱ्या बायका घराचा उंबरठा न ओलांडता धान्याचा आणि रांधलेल्या अन्नाचा केवढा व्यवहार चालवितात, हे तिने दाखवून दिले. बाई आत रांधते, मुलेबाळे डोक्यावर भांडे घेऊन गल्लोगल्ली विकतात, आणि नफा नवऱ्याच्या नव्हे तर बाईच्या स्वतःच्या गाठीला राहतो. अक्रामध्ये पडद्याची ती रीत पातळ झाली, बाई रस्त्यावर येऊन बसली, आणि आज हा धंदा हौसा वा मुसलमान स्त्रियांपुरता राहिलेला नाही. तरीही हज करून आलेल्या बाईला लावावयाची ‘हाजिया’ ही उपाधी वाचेवालीला पुष्कळदा कसलीही चौकशी न करता बहाल केली जाते.

मराठी वाचकाला या पातेल्यात परके असे फारसे काही आढळणार नाही, आणि त्याला कारण आहे. आपण जिला घरची मानतो ती चवळी मुळात आफ्रिकेची. मध्य घानातील किंटाम्पो येथील प्राचीन वसाहतींच्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे तिचे दाणे मिळाले आहेत. ज्वारीही आफ्रिकेचीच, तिची सर्वांत जुनी लागवड पूर्व सुदानात झाली, आणि ही दोन्ही पिके इतिहासपूर्व काळातच समुद्र ओलांडून भारतात येऊन स्थिरावली. तांदळाची हकीकत मात्र उलटी आहे. नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात आफ्रिकेने स्वतःचा निराळा भात माणसाळविला होता. परंतु आज अक्राच्या पातेल्यात पडतो तो प्रायः आशियाई जातीचा तांदूळ, आणि त्याचाही मोठा हिस्सा व्हिएतनाम, थायलंड व भारत येथून जहाजाने येतो. भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठेपर्यंत जगभर तांदूळ कडाडला होता. दिल्लीतल्या त्या हुकुमाची झळ पश्चिम आफ्रिकेतल्या अशा चुलींपर्यंत पोचली असल्यास नवल नाही.

आता रंगाविषयी, कारण वाचेची सारी ओळख त्यावर आहे. ज्वारीच्या ताटाला पान जेथे विळखा घालून बसते, तो पानाचा खालचा आवरणासारखा भाग पश्चिम आफ्रिकेतील काही वाणांत वाळल्यावर गडद किरमिजी होतो, आणि या वाणांची जोपासना दाण्यापेक्षा त्या रंगासाठीच केली जाते. बाजारात त्याच्या हात-दीड हात लांबीच्या जुड्या बांधून विकायला ठेवलेल्या असतात. हातात घेतल्या तर पापुद्र्यासारख्या कुरकुरीत, आतल्या बाजूला अधिक गर्द, आणि त्यांच्या खोबणींत शेतातली धूळ साचलेली. हे रंगद्रव्य झाड उगाच बनवीत नाही. बुरशीने पानात शिरकाव केला की ज्वारीच्या पेशी त्या ठिकाणी हे तांबडे विष निर्माण करून आक्रमकाला रोखतात. आपल्याकडील ज्वारीच्या पानांवर कीड वा रोग पडल्यावर जे तांबूस-जांभळे डाग उठतात, तेही याच जातीच्या बचावाचे. रसायनशास्त्रज्ञ यातील मुख्य द्रव्याला ॲपिजेनिनिडिन म्हणतात, आणि फळाफुलांतील नेहमीचे तांबडे-जांभळे रंग उष्णतेने लवकर फिके पडत असता हा रंग तासभर उकळूनही टिकतो, ही त्याची विशेषता आहे. हौसा चर्मकार अशाच ज्वारीने बकऱ्याचे कातडे तांबडे रंगवीत, आणि कानो-सोकोटोकडचे असे कातडे उंटांवरून सहारा ओलांडून उत्तर आफ्रिकेत व तेथून युरोपच्या बाजारांत जाई, जेथे ते ‘मोरोक्को’ या नावाने खपे. जिच्या रंगाने ते कातडे रंगले तिनेच भात रंगवावा, हा योगायोग मला फार मनोरंजक वाटतो.

रांधण्याची रीत सांगायला सोपी आहे. तांदळाच्या निम्मी चवळी घेऊन ती निवडावी, धुवावी आणि काही तास भिजत घालावी. पुष्कळ विक्रेत्या भिजविण्याचा खटाटोप न करता पहाटे अंधारातच चूल पेटवून वेळेने काम भागवितात. ज्वारीची पाने मात्र दोन-तीन पाण्यांनी धुतल्यावाचून पातेल्यात टाकू नयेत, नाहीतर दाताखाली कचकच येते. पाने मोडून, जुडी करून ती चवळीबरोबरच भरपूर पाण्यात उकळायला घातली की पाच-दहा मिनिटांत पाणी प्रथम गुलाबी, मग वाइनसारखे गर्द होते आणि त्याला ओल्या गवताचा मंद वास सुटतो. याच वेळी कान्वा नावाचा खार चिमूटभर टाकतात. चाड सरोवराच्या काठी खणून काढलेला हा खार पूर्वापार दूरवरच्या बाजारांत जात आला आहे. आपल्याकडे तेच काम पापडखार करील. त्याने चवळीची साल लवकर मऊ होते आणि पानांतला रंग अधिक सुटून गडद होतो. पण हात सैल सुटला तर भाताला साबणासारखी चव येते.

कसब येथून पुढे लागते. चवळी दाबली असता चिरडेल, पण आतला गाभा अजून किंचित कणखर असेल, तो क्षण साधून पाने उपसून टाकायची आणि स्वच्छ धुतलेला तांदूळ व मीठ घालायचे. तांदूळ लवकर पडला तर भात होतो आणि चवळी कच्ची राहते. उशिरा पडला तर चवळी फुटून पाणी दाट होते, दाणे एकमेकांना धरतात आणि सगळ्याचा गिचका होतो. खिचडीत जे इष्ट तेच येथे दोष: वाचेत तांदळाचा दाणा आणि चवळीचा दाणा यांनी एकाच पाण्यात शिजूनही आपापला आकार सांभाळला पाहिजे. पाणी तांदळावर बोटाच्या एका पेराइतके असावे, ते आटत आले की निखारे ओढून आच मंद करावी, आणि झाकणाखाली एखादे रुंद पान दडपून भात वाफेवर सोडावा. शेरभर तांदळाला हे जमविणे एक वेळ सोपे; मणभर तांदळाचे पातेले तळाशी न करपता आणि वर कच्चे न राहता उतरविणे हा मुरलेल्या हाताचा मामला आहे, आणि अक्रातली पुष्कळ कुटुंबे घरी सारे साहित्य असूनही वाचे विकतच आणतात ते यामुळेच. तांदळात जे प्रथिनद्रव्य उणे असते ते चवळीत मिळते आणि चवळीतले उणे तांदूळ भरून काढतो, हे आहारशास्त्राचे म्हणणे खरे आहे. रांगेत उभा राहणारा मात्र पोटाला दुपारपर्यंत आधार मिळतो एवढ्यावरच संतुष्ट असतो.

नुसता वाचे कोणी खात नाही. गिऱ्हाईक वाढीव किंवा अर्धी ताटली असे न सांगता प्रत्येक जिन्नस पैशांत मागते: इतक्या सेडींचा भात, इतक्याची गारी, इतक्याचा तालिया; आणि बाई तोंडाने हिशेब जुळवीत हाताने पलीकडच्या गिऱ्हाइकाचे वाढीत असते. गारी म्हणजे कसाव्याचा कंद किसून, आंबवून, पिळून आणि कढईत परतून केलेला रवाळ कोरडा पदार्थ. तालिया म्हणजे शेवया, नव्हे साक्षात इटालियन स्पॅगेटी, आणि भातावर चवळी, चवळीवर कसावा, त्यावर शेवया असा पिठाळ ढीग पाहून प्रथमदर्शनी हसू आले तरी तो जिभेला मानवतो, हे कबूल केले पाहिजे. मग टोमॅटोचा रस्सा, उकडलेले अंडे, तळलेली मासळी, वेले नावाचे शिजवून मऊ केलेले गाईचे कातडे, तळलेली पिकली राजेळी केळी, कोबीची कोशिंबीर. सर्वांवर शिटो: सुकी मिरची, आले, लसूण, सुकी मासळी आणि सुकट तेलात तासन्‌तास परतून काळे केलेले तिखट, ज्याचा चमचाभर अंश त्या सौम्य भाताला जागा करतो. शाकाहारी वाचकाने खुद्द भाताविषयी शंका बाळगू नये. पथ्य पाळायचे ते भातावर पडणाऱ्या जिनसांचे.

बांधून द्यायचे झाले तर ते एका रुंद, गुळगुळीत, हिरव्या पानात. हे पान ज्या वनस्पतीचे, तिच्या फळात थॉमॅटिन नावाचे प्रथिन असते आणि ते साखरेच्या दोन हजारपटींहूनही गोड भरते. कारखानदारांना तिचे मोल फळामुळे कळले, बाजारातल्या बायकांना ते पानामुळे आधीच ठाऊक होते. गरम भात पानावर पडला की त्याचा हिरवा गंध भातात उतरतो. हल्ली पानाच्या बाहेरून काळी प्लॅस्टिकची पिशवी आली आहे आणि कित्येक ठिकाणी पान हद्दपार होऊन तिचेच राज्य झाले आहे. पानाचा एकही गुण तिच्यात नाही, आणि पावसाळ्यात शहराची गटारे तुंबविण्याचा अवगुण मात्र पुरेपूर आहे.

या अन्नाची भावंडे पुष्कळ. बेनिनमध्ये ते अतासी, टोगोत आयिमोलू. आणि गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक पार गेलेल्या माणसांच्या स्मरणातून ते अमेरिकेच्या दक्षिणेत ‘हॉपिन जॉन’ झाले, ज्याची कृती सारा रटलेज यांच्या १८४७ सालच्या कॅरोलिनातील पाकपुस्तकात छापलेली आहे. तेथे त्यात डुकराचे मांस आले आणि ज्वारीचे पान गळाले. परदेशी राहणारे घानावासीही पाने न मिळाल्यास नुसत्या खायच्या सोड्यावर चवळीच्या सालीचा थोडाबहुत रंग काढून वेळ निभावतात. आपल्या गावाकडे कोणाला हौस वाटली तर त्याने हाच सोड्याचा मार्ग धरावा. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात हे शेतकरी जाणतो, आणि फवारणी झालेला कडबा तर स्वयंपाकघरात आणण्याची वस्तूच नव्हे.

वाचे संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दमट हवेत चवळी लवकर विटते, म्हणून विक्रेती दुपारपर्यंत पातेले रिकामे करण्याच्या बेतानेच तांदूळ मोजते. शिटो आणि गारी यांचे तसे नाही. तेलाखाली बुडालेला शिटो महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे वसतिगृहाच्या शाळेत निघालेल्या मुलाच्या कुलूपबंद लाकडी पेटीत आई या दोन्हींच्या बरण्या भरून देते, आणि भाताची सोय पोराने सुटीत घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या हाजियाकडे करावी असे ठरलेले असते.